देवीच्या दारची सेवा : परभणी भागातील गोंधळी आणि त्यांची परंपरा

देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका उघडली की प्रथम देवीचे छायाचित्र, नंतर वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, मग समितीचा अहवाल आणि अखेरीस देणगीदारांची यादी अशी पाने लागतात. कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी कळस दिला, कोणी बैलगाडी दिली, कोणी अंगमेहनतीचे दिवस दिले. त्या सर्वांची नोंद होते आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु देवीच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या सेवा करूनही ज्याचे नाव गावाच्या कोणत्याही वहीत सापडत नाही, असा एक सेवेकरी या भागातील बहुतेक गावांत होऊन गेला आहे. तो म्हणजे देवीचा गोंधळी. देवळाच्या भिंती नव्या होत असताना त्या सेवेकऱ्याचा आणि त्याच्या परंपरेचा इतिहास गावकरी मंडळींसमोर व दानशूर बंधुभगिनींसमोर ठेवणे उचित होईल.

परभणी जिल्ह्याचे स्थान पाहिले तर या भागात गोंधळाची परंपरा का रुजली हे सहज ध्यानात येते. ईशान्येस माहूरची रेणुकामाता, दक्षिणेस अंबाजोगाईची योगेश्वरी आणि त्याहून पुढे तुळजापूरची भवानी. या तिन्ही जागृत स्थानांच्या मधोमध गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठी हा मुलूख वसलेला आहे. येथील घराण्यांत कोणाची कुलस्वामिनी तुळजाभवानी, तर कोणाची रेणुका. घरात लग्न झाले, मुंज झाली, जावळ निघाले किंवा नवस फेडावयाचा असला की कुलस्वामिनीचा गोंधळ घालावा असा कुळाचार आहे. गोंधळ्यांतही याच दोन देवींवरून दोन शाखा पडलेल्या आहेत. तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई आणि रेणुकेचे उपासक ते रेणुराई.

गोंधळाच्या उगमाबद्दल गोंधळी मंडळींत एक कथा सांगितली जाते. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्या शिराचे वाद्य केले, त्याच्याच शिरांच्या तारा ओवल्या आणि ते वाद्य वाजवीत तो आपली माता रेणुका हिच्यासमोर नाचला. तोच पहिला गोंधळ अशी श्रद्धा आहे. ही झाली पुराणातली बाजू. ग्रंथांची साक्ष पाहावयाची तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्याकडे जावे लागते. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या राजाने इ. स. ११२९-३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा उल्लेख आलेला आहे. पुढे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही हे नृत्य वर्णिलेले आहे. आजचा गोंधळ आणि त्या काळची गोंडली यांचे नाते अभ्यासकांनी जोडून दाखविले आहे. म्हणजे ज्या नृत्याला आज कोणी खेडवळ समजून नाक मुरडतात, ते नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या ग्रंथात मानाने बसलेले होते.

संतांनीही गोंधळाला दूर ठेवले नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी गोंधळावर भारुडे रचली आणि देवीच्या गोंधळातून परमार्थाचा अर्थ सांगितला. जनाबाईंचे गंगाखेड आजही याच जिल्ह्यात आहे आणि नामदेवांचे नरसी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. विठ्ठलाचे भजन आणि देवीचा गोंधळ ही दोन्ही या मातीत शेजारी शेजारी नांदत आली. एकाच घरात वडील पंढरीचे वारकरी आणि घरचा कुळाचार मात्र भवानीचा, असे चित्र येथे नवे नाही.

गोंधळ म्हणजे काय हे जुन्या पिढीस सांगण्याची गरज नाही. परंतु शहरात वाढलेल्या मुलांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आज ‘गोंधळ’ हा शब्द त्यांना गडबड या अर्थानेच ठाऊक आहे. यजमानाच्या अंगणात चौरंगावर नवे वस्त्र अंथरतात, त्यावर धान्याची रास, कलश, विड्याची पाने, सुपारी व नारळ मांडतात. ज्वारीच्या ताटांचा किंवा उसांचा मांडव वर उभा करतात. यास चौक भरणे म्हणतात. नंतर दिवटी पाजळतात आणि बुधलीतील तेल तिच्यावर सोडतात. चार-पाच गोंधळी असतात. त्यांचा प्रमुख तो नाईक. एकाच्या कमरेला संबळ, एकाच्या हाती तुणतुणे, एकाच्या हाती झांज. अंगात पायघोळ झगा, डोक्यास पागोटे, गळ्यात कवड्यांची माळ आणि पायांत घुंगरू.

प्रथम गणाचे स्तवन होते. त्यानंतर देवतांना आवाहन केले जाते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी एकेका क्षेत्राची आणि तेथील देवतेची नावे घेऊन त्यांना गोंधळास बोलावतात. मोठ्या क्षेत्रांची नावे झाली की भोवतालच्या गावांतील दैवतांची नावे येतात, वेशीवरचा मारुती येतो, शिवेवरचा म्हसोबा येतो आणि यजमानाच्या घरातील गेलेली माणसेही येतात. कोणाचे नाव राहून गेले तर तो देव रुसतो अशी समजूत असल्याने गोंधळी फार सावध असतो. एवढे झाल्यावर उत्तररंगात आख्यान लागते. नाईक कथा सांगतो, साथीदार मध्येच वेडेवाकडे प्रश्न विचारून हशा पिकवितो, संबळ कडाडतो आणि दिवटीच्या उजेडात पावले पडू लागतात. हे नाचणे करमणुकीसाठी नसून ती देवीची उपासना आहे. म्हणूनच जाणकार यास विधिनाट्य म्हणतात. पहाटे आरती होऊन गोंधळ समाप्त होतो.

गोंधळ्यांची एक जुनी विद्या म्हणजे करपल्लवी. गर्दीतील एखाद्या गृहस्थाने आपले नाव एका गोंधळ्याच्या कानात सांगावे, त्याने तोंडातून अक्षर न काढता हाताच्या बोटांच्या खुणा कराव्या आणि दूर उभ्या असलेल्या दुसऱ्या गोंधळ्याने ते नाव बरोबर ओळखून सर्वांसमोर उच्चारावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी अक्षरांची ही स्वतःची लिपीच बोटांवर तयार केली होती. गावाने ती गंमत म्हणून पाहिली, टाळ्या वाजविल्या, पण त्यामागे किती वर्षांचा अभ्यास होता याचा विचार फारसा कोणी केला नाही.

गोंधळ्याचे शिक्षण घरातच होते. मुलगा कळता झाला की तुळजापुरास किंवा माहुरास नेऊन त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ घालतात. तेथून त्याची सेवा सुरू होते. आधी झांज धरावयाची, मग तुणतुण्यावर सूर धरावयाचा, संबळावर हात बसवावयाचा आणि बापाच्या किंवा चुलत्याच्या मागे उभे राहून आख्याने ऐकत ऐकत पाठ करावयाची. पोथी नाही, पाटी नाही. शेकडो पदे आणि रात्र रात्र चालणाऱ्या कथा केवळ कानाने घेऊन कंठात ठेवावयाच्या. असा पंधरा-वीस वर्षे साथीदार म्हणून राबलेला माणूस पुढे नाईक होतो. लग्नसराईत एका गावचा गोंधळ पहाटे संपला की संबळ खांद्यास अडकवून दुसऱ्या गावची वाट धरावयाची. नवरात्रात उसंत नाही आणि पावसाळ्यात काम नाही, असे हे जीवन. मान पाठीत वाकेपर्यंत आणि आवाज फुटेपर्यंत ही सेवा चालते.

गावगाड्यात गोंधळ्याची गणना अलुतेदारांत होत असे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्यास धान्य मिळे, गोंधळाच्या वेळी शिधा, नारळ, खण व यथाशक्ती दक्षिणा मिळे. यजमानाची पिढी बदलली तरी गोंधळ्याचे घर तेच राही. अमुक घराण्याचा गोंधळ अमुक घराण्यानेच घालावयाचा असा वहिवाटीचा हक्क असे. सुगी बरी झाली तर गोंधळ्याच्या घरी चूल बरी पेटे. १९७२ च्या दुष्काळासारखे साल आले आणि यजमानाच्याच कणगीत दाणा उरला नाही, तर गोंधळ्याच्या झोळीत कोठून पडणार? शेतकऱ्याच्या नशिबाला त्याचे नशीब असे बांधलेले होते.

या कलेने देवीच्या सेवेबरोबर इतिहासाचीही सेवा केली आहे. शिवकालापासूनचे पोवाडे गाऊन जिवंत ठेवणाऱ्यांत गोंधळ्यांचा मोठा वाटा आहे. इंग्रज अंमलदार अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली मराठी पोवाड्यांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला, तेव्हा छापखान्यापर्यंत पोहोचलेली ही कवने तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडीच जपली गेलेली होती.

मराठवाड्याच्या बाबतीत तर या सेवेचे मोल अधिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दूच होते. अशा काळात खेड्यापाड्यांत मराठी कथा, मराठी पदे आणि मराठी शब्द राखण्याचे काम कीर्तनकार, भारुडकार, वासुदेव आणि गोंधळी यांनी केले. शाळा नसलेल्या वस्तीवर रामायण-महाभारत पोहोचले ते संबळाच्या तालावरच. पुढे १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला. मराठी राजभाषा झाली. परंतु ती भाषा अंधाऱ्या दिवसांत ज्यांनी अंगणा-अंगणांत जागती ठेवली, त्यांची आठवण त्या आनंदाच्या दिवसांतही फारशी कोणी काढली नाही.

या परंपरेतील एक नाव मात्र सुदैवाने सर्व महाराष्ट्रास परिचित झाले. ते म्हणजे परभणीचे राजारामबापू कदम. लोककलेचे जाणकार त्यांना आदराने ‘गोंधळमहर्षी’ म्हणत आले आहेत. राजारामबापूंनी आपले आयुष्य गोंधळासाठी वेचले. त्यांच्या मुखातील आख्यानांपैकी ज्याचा विशेष बोलबाला झाला ते ‘जांभूळ आख्यान’. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती गोंधळ्यांच्या महाभारतातली आहे आणि सांगण्याची रीत घराण्या-घराण्यांत थोडीफार निराळी आहे. तिचा सारांश असा.

कर्ण पांडवांच्या घरी येतो. त्याचे तेज पाहून द्रौपदीचे मन क्षणभर त्याच्याकडे ओढ घेते. पाच पती आहेत, हा सहावा असता तर, असा विचार तिच्या मनास शिवून जातो. ती कोणाजवळ बोलत नाही, परंतु श्रीकृष्णाला ते कळते. पुढे सर्वजण वनात जातात. तेथे एका झाडाला एकच जांभूळ असते. ते तोडले जाते. मग समजते की ते फळ एका ऋषीच्या आहाराचे आहे आणि तो कोपला तर सर्वांचा नाश ओढवेल. श्रीकृष्ण उपाय सांगतो की प्रत्येकाने आपल्या मनातील गुपित खरे खरे बोलावे, म्हणजे जांभूळ पुन्हा देठास लागेल. पांडव एकामागून एक बोलतात, फळ वर वर चढते. द्रौपदीची पाळी येते. ती आडपडदा ठेवून बोलते तेव्हा फळ थबकते. अखेर ती कर्णाबद्दलचा विचार कबूल करते आणि जांभूळ देठास जाऊन लागते.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ही कथा देवीच्या चौकासमोर, आयाबाया, लेकीसुना आणि घरची वडील माणसे एकत्र बसलेली असताना सांगितली जाते. द्रौपदी कथेत शेवटपर्यंत पूज्यच राहते. मनात आलेला विचार हा दोष आहे की तो लपविणे हा दोष आहे, असा मोठा प्रश्न गोंधळी हसत खेळत श्रोत्यांपुढे टाकतो आणि निवाडा ज्याचा त्याच्यावर सोडतो. खरे बोलल्याशिवाय तुटलेले जुळत नाही, ही त्या कथेची शिकवण आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी स्त्रीच्या मनाचा एवढा विचार केला आणि तो एवढ्या मर्यादेने मांडला, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

या कलेकडे शहरातील अभ्यासकांचे लक्ष गेले त्यास काही थोर व्यक्ती कारणीभूत झाल्या. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ हा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यात गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी अशा उपासकांचा इतिहास त्यांनी मांडला. भिक्षेकरी म्हणून दारातून परत पाठविल्या जाणाऱ्या माणसांना संस्कृतीचे उपासक हे नाव देणे, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. मराठवाडा विद्यापीठातील प्राध्यापक डॉ. प्रभाकर मांडे यांनी तर सारे आयुष्य लोकसाहित्य आणि गावगाड्याबाहेरील भटक्या जमाती यांच्या अभ्यासात घालविले. तांडे, पाले आणि वस्त्या पायाखाली घालून त्यांनी ही माहिती गोळा केली. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

मुंबईत १९४४ साली स्थापन झालेल्या इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेने लोककलांचे संशोधन हाती घेतले, त्या कामात गीतकार अशोकजी परांजपे यांनी पुढाकार घेतला होता. खेडोपाडी हिंडून त्यांनी अस्सल कलावंत शोधले आणि ‘खंडोबाचं लगीन’, ‘जांभूळ आख्यान’ असे प्रयोग शहराच्या रंगमंचावर आणले. परभणीच्या गोंधळ्याच्या कंठातील आख्यान अशा रीतीने मुंबईच्या नाट्यगृहात पोहोचले. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते आपल्या पहाडी आवाजाने आणि अभिनयाने घरोघर नेले. उमप स्वतः गोंधळी नव्हते. ते आंबेडकरी चळवळीतून पुढे आलेले लोकशाहीर. परंतु त्यांनी ही कथा इतक्या तन्मयतेने गाईली की पुष्कळांना ती त्यांचीच वाटू लागली. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूर येथे भर कार्यक्रमातच त्यांची प्राणज्योत मालवली. कलावंतास याहून वेगळे मरण काय हवे!

रंगमंचावर गोंधळ गेला हे फार चांगले झाले. त्यामुळे कलेस मान मिळाला आणि राजारामबापूंसारख्यांची नावे कागदावर आली. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. नाट्यगृहात दोन तासांनी पडदा पडतो. चौक भरणे, दिवटी पाजळणे, गावदेवतांना नावानिशी बोलावणे आणि पहाटेची आरती हे सारे मूळ ठिकाणीच व्हावयाचे असते. ते मूळ ठिकाण म्हणजे यजमानाचे अंगण आणि देवीचे देऊळ. नेमके तेच ठिकाण आज आकसत चालले आहे.

याची कारणे उघड आहेत. लग्ने आता मंगल कार्यालयात होतात. सकाळी हळद, दुपारी अक्षता आणि सायंकाळी कार्यालय रिकामे करून द्यावयाचे. रात्रभर गोंधळ घालावयास जागाही नाही आणि सवडही नाही. वरातीत मोठ्या आवाजाचे ध्वनिक्षेपक आले, त्यापुढे संबळ ऐकू येत नाही. पुष्कळ घरी गोंधळ आता तासाभरात उरकतो. यजमान घड्याळ पाहत म्हणतो, “बापू, तेवढं आटपतं घ्या, पंगत खोळंबली.” आणि बापू निमूटपणे आख्यान गुंडाळून आरतीस लागतो. बापाची ही अवस्था पाहिलेला मुलगा संबळ खाली ठेवून पुण्यास किंवा संभाजीनगरास कारखान्यात कामास जातो. त्यास दोष देता येणार नाही. मुलाने शिकावे, नोकरीस लागावे असे गोंधळ्यासही वाटते आणि ते रास्तच आहे. परंतु तो मुलगा गेला की त्याच्या आजोबाच्या कंठातील आख्यानही त्यांच्याबरोबरच जाते, कारण ते कोठेही लिहिलेले नाही.

लिहिलेले नाही, ही गोष्ट केवळ आख्यानांपुरती नाही. महाराष्ट्र शासनाने गोंधळी समाजाचा समावेश भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात केलेला आहे. त्याचा लाभ घ्यावयाचा तर जातीचा दाखला पाहिजे, आणि या प्रवर्गासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंबाचा रहिवास राज्यात असल्याचा पुरावा लागतो. ज्यांची शेतीवाडी आहे त्यांची नावे जुन्या सातबारावर किंवा १९५४ च्या खासरा पत्रकात निघतात. ज्याच्या वडिलांजवळ जमीन नव्हती, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही आणि ज्यांचा जन्म एका गावी तर वास्तव्य दुसऱ्या गावी, त्याने कोणत्या कचेरीतील कोणत्या कपाटातून कागद काढावा? संपूर्ण गावाच्या पिढ्या ज्याला तोंडपाठ आहेत, त्याच्या स्वतःच्या आजोबांचे नाव मात्र कोणत्याही नोंदवहीत नसते.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचीही तीच कथा. शासनाने १९५४-५५ सालापासून वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना सुरू केलेली आहे. २०२४ साली मानधनाची रक्कम दरमहा ५,००० रुपये करण्यात आली. उतारवयात थकलेल्या कलावंतास हा मोठाच आधार आहे. परंतु अर्जासोबत कलेच्या सेवेचा पुरावा जोडावा लागतो. नाट्यगृहात काम केलेल्यांजवळ छापील पत्रिका असतात, वर्तमानपत्रांची कात्रणे असतात, प्रमाणपत्रे असतात. ज्याने चाळीस वर्षे अंगणात आणि देवळाच्या ओट्यावर गोंधळ घातला, त्यास कोणी कधी पावती दिली नाही की पत्रिकेत त्याचे नाव छापले नाही. लग्नपत्रिकेत घोडेवाल्यापर्यंत सर्वांची सोय असते, गोंधळ्याचा मात्र उल्लेख ‘रात्रौ देवीचा गोंधळ’ एवढ्या तीन शब्दांत संपतो.

येथे गावाचे आणि देवस्थानाचे कर्तव्य सुरू होते. यात खर्चाचा भाग अगदी थोडा आहे. देवळाच्या समितीने एक स्वतंत्र वही घालावी. प्रत्येक नवरात्रात आणि यात्रेस ज्यांनी गोंधळाची सेवा केली, त्या नाईकाचे व त्याच्या सर्व साथीदारांची पूर्ण नावे, वय, राहण्याचे गाव, तारीख आणि लावलेल्या आख्यानाचे नाव त्या वहीत लिहावे. खाली समितीची सही व शिक्का असावा. सेवेकऱ्याने मागितल्यास त्यावरून दाखला द्यावा. गावातील वयोवृद्ध मंडळींना ज्या जुन्या गोंधळ्यांची नावे आठवतात, तीही विचारून याच वेळी उतरून घ्यावीत, कारण आठवण असलेली माणसेही आता थोडीच उरली आहेत. आज अशी नोंद झाली तर आणखी वीस वर्षांनी एखाद्या गोंधळ्याच्या नातवास तीच उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. आज मोबाईल घरोघर आहे. एखाद्या वृद्ध नाईकास सन्मानाने बोलावून, घाई न करता, त्यांचे संपूर्ण आख्यान त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल. शाळेतील शिक्षकांनी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी हे काम मनावर घ्यावे. या सेवेबद्दल नाईकास योग्य दक्षिणाही द्यावी. आख्यान हे त्यांचे धन आहे, ते फुकट मागून घेण्याची रीत बरी नव्हे.

आणि वर्षातून निदान एक रात्र तरी, मग ती कोजागिरीची असो वा नवरात्रातील अष्टमीची, गोंधळास पूर्ण मोकळी द्यावी. त्या रात्री पंगत आधी उरकून घ्यावी, ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, चौक नीट भरावा आणि नाईकास कोणीही ‘आटपतं घ्या’ म्हणू नये. लहान मुलांना पुढे बसवावे. एकदा त्यांनी संबळाच्या तालावर दिवटी हलताना पाहिली आणि आपल्या गावच्या मारुतीचे, आपल्या पणजोबांचे नाव त्या आवाहनात ऐकले, की गोंधळ म्हणजे काय हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

जीर्णोद्धार म्हणजे जे जुने झाले, खचले, त्यास पुन्हा उभे करणे. दगड निखळला तर तो पुन्हा बसविता येतो, कळस जुना झाला तर नवा करविता येतो. माणसाच्या कंठात असलेली वस्तू एकदा गेली की ती कोणत्याही देणगीतून परत मिळत नाही. ज्या सभामंडपासाठी सर्वांनी तन-मन-धनाने साहाय्य केले, त्या मंडपात गोंधळाच्या चौकाची जागा कायम राहावी, आणि देणगीदारांच्या यादीशेजारी सेवेकऱ्यांच्या नावांचेही एक पान पुढील स्मरणिकेत असावे. इतकी वर्षे गोंधळ्याने गावाची नावे देवीच्या कानावर घातली. आता त्याचे नाव गावाने लिहून ठेवावे.

आई भवानी आणि माता रेणुका गावाचे, दात्यांचे आणि आपल्या दारच्या सेवेकऱ्यांचे कल्याण करो.